अकरा नंबर बेडची हिस्टरी

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, लिहिते मात्र आज पहिल्यांदाच. खरं सांगायचं तर वाचता वाचता मी निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात आजाराचं नाव देऊन मोकळी व्हायचे – हा स्लीप पॅरालिसिस, हा तापातला भ्रम, इथे नुसतीच झोप अपुरी. डॉक्टर आहे मी. भूत, आत्मा वगैरेंवर विश्वास तेव्हाही नव्हता आणि आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे घडलं ते भर सकाळी घडलं, माणसांनी भरलेल्या वॉर्डात... आणि तेही माझ्या फायनल इयरच्या परीक्षेत.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे माझा जन्म दिल्लीतलाच. सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये वाढले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. माझं मराठी तेव्हा कामचलाऊ होतं. आईच्या बोलण्यातला दर चौथा शब्द मला विचारावा लागायचा. (हे लिखाणही तिच्याकडून तपासून घेतलंय.) एमबीबीएस दिल्लीतल्याच एका सरकारी कॉलेजातून केलं. नाव सांगत नाही.

बाहेरच्यांना वाटतं आमची परीक्षा म्हणजे जाडजूड पुस्तकं पाठ करून पेपर लिहायचे. पेपर असतातच, पण आम्हाला साडेचार वर्षं रोजच कोणीतरी तपासत असतं. वॉर्डात चालता चालता अडवून प्रश्न, प्रत्येक पोस्टिंगच्या शेवटी तोंडी परीक्षा, आणि लॉगबुकवर मॅडमची सही नसेल तर केलेलं कामसुद्धा केलंच नाही असं धरतात. आणि या सगळ्याच्या टोकाला मेडिसिनची ‘लाँग केस’. एक पेशंट, एक तास, तुम्ही एकट्या. पेशंटशी बोलून आजाराची सगळी हकीगत काढायची – आम्ही तिला हिस्टरी म्हणतो – मग तपासायचं, लिहायचं आणि दोन परीक्षकांसमोर उभं राहून सांगायचं. एक परीक्षक आपल्या कॉलेजचा, एक बाहेरचा. पेशंटची फाइल आम्हाला दाखवत नाहीत. नातेवाइकांना वॉर्डाबाहेर बसवतात. लागलंच तर ड्युटीवरच्या डॉक्टरला सांगून त्यांना आत बोलावता येतं.

बेडचे नंबर चिठ्ठ्या टाकून ठरले. मला अकरा, जसलीनला दहा. मध्ये फक्त एक हिरवा पडदा.

जसलीन माझी मैत्रीण. पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये मला चक्कर आली तेव्हा डोकं फरशीवर आपटायच्या आत तिने मला धरलं होतं. तिला डेंग्यू झाला तेव्हा तिच्या सगळ्या नोट्स मी माझ्या हाताने काढल्या. चार वर्षं आम्ही मेट्रोत एकमेकींना प्रश्न विचारत आलो-गेलो. त्या सकाळी तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, “चल यार, हो जाएगा.”

अकरा नंबरवर साठीच्या आसपासची एक बाई. कृश, पांढऱ्या केसांची बारीक वेणी, नाकात चमकी. फेब्रुवारीतली धुरकट सकाळ, खिडक्या बंद. मी हात जोडून सुरुवात केली, “नमस्ते आंटी जी, मैं स्टूडेंट डॉक्टर हूँ...”

“बस गं. उभी किती वेळ राहशील?”

मराठीत! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू... परीक्षा चालू आहे हेही क्षणभर विसरले. “तुम्ही मराठी आहात?”

“तुला कळतंय ना? मग झालं. लिही.”

मी स्टुलावर बसले आणि लिहायला लागले. तिचा आवाज जरा घोगरा होता, पण कुठे अडखळत नव्हता. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तेव्हापासून हृदयाची झडप खराब. रक्त पातळ करायची गोळी रोज. मागच्या वर्षी मुलाने तिला गुरुग्रामला आणलं, मोठ्या सोसायटीत, चौदाव्या मजल्यावर. सून बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगा कामासाठी बाहेरगावी, आणि गोळ्यांची पाकिटं संपली.

“फोन केला की म्हणायचा, आज येतील. मी खाली लॉबीत जाऊन बसायचे, गोळ्या आणणारा माणूस चुकू नये म्हणून. तीन आठवडे बसले. मग एक दिवस वेणी घालताना कंगवा पडला. उचलायला गेले, तर हात गळाठलेला.”

‘गळाठलेला’ हा शब्द मला माहीत नव्हता. त्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून मार्जिनमध्ये देवनागरीतच लिहून ठेवला.

“मुलाने डॉक्टरांना काय सांगितलं?” मी विचारलं.

“रोज घेते म्हणाला. तू लिहून घे. नाहीतर कुणाला कळायचं नाही.”

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. मी लिहीत होते, मान खाली. तिचे ओठ हलताना मी पाहिले का? नाही सांगता येणार. तपासताना तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं, उजवा हात-पाय लुळा, नाडी अनियमित, हृदयात मर्मर, म्हणजे खराब झडपेचा जादा आवाज. सगळं मला नीट सापडलं. तोंड एवढं वाकडं असताना उच्चार इतके स्वच्छ कसे, हे खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं. मी लिहिलं – माहिती देणारी: पेशंट स्वतः. विश्वासार्ह. बोलणं: नॉर्मल.

परीक्षक आले. आमच्या कॉलेजच्या भाटिया मॅम, ज्यांनी माझ्या लॉगबुकवर ‘बॅचमधली सर्वांत चांगली हिस्टरी’ असं लिहिलं होतं, आणि बाहेरून आलेले एक वयस्कर सर. मी बोलायला सुरुवात केली. दोन मिनिटांत सरांनी हात वर केला.

“डॉक्टर, बोलणं नॉर्मल लिहिलंय तुम्ही?”

“येस सर.”

ते पेशंटजवळ गेले. वाकले. “अम्मा, नाम बताइए अपना.”

बाईने तोंड उघडलं. “त...” एवढाच आवाज आला. “त... त...” डोळ्यांच्या कडेने पाणी गालावर आलं.

सर सरळ झाले. भाटिया मॅम माझ्याकडे बघत होत्या – रागाने नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “मधुरा, ही पेशंट ॲडमिट झाल्यापासून एक शब्द बोललेली नाही. म्हणून तर ही केस परीक्षेला ठेवली. तू मुलाला बोलावून हिस्टरी घ्यायची होतीस. हे सगळं कुठून लिहिलंस?”

“मॅम, त्या बोलल्या माझ्याशी. मराठीत.”

“मराठीत,” बाहेरचे सर म्हणाले. बस, एवढंच.

मी म्हटलं, “सर, जसलीन पलीकडेच होती. तिला विचारा. प्लीज.”

पडदा सरकवला. जसलीन हातात गुडघ्यावर ठोकून तपासायचा हॅमर घेऊन उभी होती. तिची पाळी माझ्यानंतर होती. सरांनी विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

“नो सर. पेशंटचा आवाज नाही आला.” मग थोडं थांबून, कोणी विचारलं नसताना – “मधुरा अपने आप से बात कर रही थी, सर.”

परीक्षेत नापास होणं वेगळं आणि हिस्टरी मनाने रचणं वेगळं. आमच्याकडे त्याला माफी नाही. मेडिसिनमध्ये मला नापास केलं, पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. बॅचमध्ये कुजबुज वेगळीच.

त्याच दुपारी जसलीनने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. रडत होती. “सॉरी यार, पण मला खरंच तुझाच आवाज येत होता. मी खोटं कसं बोलू?” मी तिचं ऐकलं. माझा तिच्यावर इतका विश्वास होता की त्या क्षणापासून मी स्वतःवरच शंका घ्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी वॉर्डात गेले. अकरा नंबरवर तिचा मुलगा होता, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, सिरिंजने नळीतून आईला दूध देत. मी विचारलं, “आंटी जी मराठी जानती हैं?”

“मराठी?” तो हसला. “हम पीलीभीत के हैं. अम्मा तो पिछले साल पहली बार यूपी से बाहर निकलीं.”

मी निघणार होते. पण तोंडून निघूनच गेलं – “खून पतला करने वाली गोली तीन हफ़्ते नहीं मिली थी ना इनको?”

त्याच्या हातातली सिरिंज तशीच राहिली.

“ये आपको किसने बताया?”

“अम्मा ने. रोज़ लॉबी में बैठती थीं.”

त्याने आईकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. तो स्टुलावर बसला आणि तोंड दोन्ही हातांत घेतलं. “मेरी बीवी को भी नहीं पता,” तो म्हणाला. “रोज़ सोचता था, आज मँगवा दूँगा... रोज़ भूल जाता था.”

मी त्याला सगळं सांगितलं – परीक्षा, नापास, सगळं. हात जोडले. फक्त भाटिया मॅमना एवढंच सांगा की गोळ्या बंद होत्या. हे कोणालाच माहीत नव्हतं, तेवढं सिद्ध झालं तरी पुरे. तो म्हणाला, “बिल्कुल, मैडम. कल सुबह, पक्का.”

सकाळी बेड रिकामा. चादर बदललेली. सिस्टर म्हणाली, कल शाम को ही अपनी मर्ज़ी से साइन करके ले गए. भाटिया मॅमकडे गेले तर त्यांनी फाइल माझ्यासमोर सरकवली. ‘गोळ्या नियमित.’ खाली मुलाची सही.

आईला मी तो शब्द विचारला. ती भाजी निवडत होती, हात थांबले. “गळाठणं म्हणजे अंगातला जोर जाणं, हातपाय ढिले पडणं. पण तू कुठे ऐकलास? मी तर कधी बोलत नाही हा शब्द.” मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

आणि बाबा... एका दुपारी त्यांनी मला कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये जेवायला नेलं. तिथे त्यांचे दोन-तीन ओळखीचे असतात, पण त्या दिवशी कोपऱ्यातलं टेबल घेतलं. थालीपीठ मागवलं आणि हळूच विचारलं, “मधू, तू खरंच तपासलं होतंस ना त्या बाईंना?” मी ताट बाजूला सरकवलं. माझे बाबा, आणि त्यांनी विचारलं.

सहा महिन्यांनी पास झाले. मधल्या काळात घरी न सांगता मेंदूचा ईईजी करून घेतला, मानसोपचारवाल्या सीनियरकडे दोनदा जाऊन आले. सगळं नॉर्मल. तरी पुढची पाच वर्षं मी कुठल्याही पेशंटची हिस्टरी एकटीने घेतली नाही. सिस्टरला बाजूला उभं करायचे. पेशंट बोलत असताना त्याच्या ओठांकडेच बघत राहायचे. काही पेशंट बिचारे अवघडायचे.

जसलीनशी मैत्री टिकली होती. निदान मला तसं वाटत होतं. ती आता गुरुग्रामला असते, लग्न झालं, मुलगी आहे. मागच्या थंडीत तिने जेवायला बोलावलं. जेवण झालं, मुलगी आत झोपली, आम्ही बाल्कनीत उन्हात चहा घेत बसलो होतो. कसलाच विषय नसताना ती म्हणाली, “मधु, मैंने सुना था.”

मला कळलंच नाही आधी. “काय?”

“वो औरत. बेड इलेवन. सब सुना था मैंने. गोली वाली बात, लॉबी वाली, कंघी वाली.”

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

ती पुढे बोलत राहिली, भरभर. “पर वो मराठी में नहीं बोल रही थी, यार. पंजाबी में बोल रही थी. बिल्कुल मेरी नानी की तरह. तू मराठी में पूछती थी, वो पंजाबी में जवाब देती थी. मैं तो वहीं जम गई. और जब एग्ज़ामिनर आ रहे थे ना... तब पर्दे के उस तरफ़ से उसने मुझसे कहा. धीरे से. ‘तू ना दस्सीं, पुत्त.’ तू सांगू नकोस म्हणाली मला. मैं क्या करती?”

खाली सोसायटीच्या बागेत कोणीतरी पाइपने पाणी घालत होतं. पाच वर्षं मी स्वतःला वेडी समजत होते, आणि हिला माहीत होतं. माझा ईईजीचा रिपोर्ट हिनेच तर वाचून दाखवला होता मला. “देख, सब ठीक है,” म्हणाली होती.

मग मी विचारलं, “ठीक आहे. तिने तुला सांगितलं, बोलू नकोस. म्हणून तू म्हणालीस, पेशंटचा आवाज आला नाही. पण मी स्वतःशीच बोलत होते, हे तुला कोणी सांगायला लावलं?”

जसलीनने कपात पाहिलं. चहा संपला होता. आतून मुलीचा आवाज आला तशी ती पटकन उठली, आणि मी पर्स उचलून मेट्रोकडे चालायला लागले.

त्यानंतर तिचे फोन आले. मी घेतले नाहीत. पीलीभीतच्या त्या बाईने मला मराठीत आणि तिला पंजाबीत कसं सांगितलं, मला ‘लिही’ आणि तिला ‘सांगू नकोस’ असं का म्हटलं – की यातलं दुसरं जसलीनने नंतर स्वतःच्या सोयीने जोडलं – मला माहीत नाही. विचारून पाहायला ती बाई कुठे आहे, आहे की नाही, हेही माहीत नाही. कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त, ‘मैत्रीण घाबरली असेल, सोडून द्या’ असं कोणी लिहू नका. ते मी त्या बाल्कनीतल्या दुपारपासून स्वतःला सांगून झालंय.