वाणाच्या वाटीत कोण जेवतं?

मैत्रिणींनो, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

संक्रांतीच्या वाणासाठी आज भांडीबाजारात मेलामाइनच्या वाट्या बघत होते. रंग सुरेख, भाव कमी, पण गरम अन्नासाठी सुरक्षित असल्याचा तपासणीचा शिक्का कुठेच दिसेना.

दुकानदाराला विचारलं, "दादा, यात गरम आमटी वाढली तर चालेल ना?"

तो हसलाच. "ताई, वाणाच्या वाटीत कोण जेवतं? बायका पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या हातात देतात."

खोटं काय बोलला? आपण सगळ्या तेच तर करतो.

पण ती वाटी फिरून फिरून शेवटी आपल्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींकडे जाते. त्यांचा नातू त्यातच रोज गरम वरणभात खातो.

शिक्का आपण बघत नाही, कारण खाणारं पोर आपलं नसतं. असंच ना?