रागीट चेहऱ्याचं निदान

पुतणीच्या लग्नात मी एकदाही हसलो नाही, ही बातमी म्हसळ्याहून खाडीपलीकडे मुरुडला पोहोचायला फार वेळ लागला नाही. मुरुड तिचं सासर. लग्नानंतरच्या आठवड्यात तिचा फोन आला.

"काका, तुम्हाला ही माणसं आवडली नाहीत का?"

"कोण म्हणतं?"

"माझे सासरे विचारत होते. म्हणाले, गुरुजी स्टेजवर आले, आमच्याशी हात मिळवला, पण तोंड असं की आमचं काहीतरी मोठं चुकलंय. मानपानात काही राहिलं का?"

मी हसलो. निदान मला तरी वाटलं की मी हसलो. बायको समोर बसून शेंगा सोलत होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "वाईट बातमी आहे का?"

थोरला भाऊ गेल्यापासून या पोरीचं सगळं मीच पाहत आलो होतो. स्थळ मी शोधलं, मुरुडला जाऊन बोलणी मी केली, लग्नाच्या दिवशी पांढरा कडक शर्ट घालून हॉलच्या दारात उभा राहिलो तोही मीच. त्रिशरण-पंचशील झालं, दोघांनी एकमेकांना हार घातले, तेव्हा माझा ऊर भरून आला होता. पण ऊर भरून आल्याचं वर चेहऱ्यापर्यंत कुणी कळवलंच नव्हतं.

त्या वेळी मी स्वतःला अतिशय निरोगी समजत होतो. चाळीसेक वर्षं विज्ञान आणि गणित शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण ठाऊक असतंच. चेहरा गंभीर का? मुख्याध्यापकपद अंगात मुरलंय. डावा खांदा का दुखतो? झोपताना आखडला. त्यावर मी कोमट तिळाचं तेल चोळत होतो, ते बनियनला लागत होतं आणि बायको बनियनवरून मला बोलत होती. अक्षर बारीक का झालं? कागद वाया घालवू नये. लग्नात आशीर्वादपर भाषणाला उभा राहिलो तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून "आवाज! आवाज!" सुरू झालं, तर मी माईकवाल्याला सगळ्यांदेखत झापलं. एकदा तर मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो आणि शेजारी तव्यावरची सुकट जळून कोळसा झाली. बायको अंगणातून धावत आली, कारण वास तिला तिथवर आला होता. मी म्हणालो, "मला सर्दी आहे." सर्दी गेली दोन-तीन वर्षं होती.

निरनिराळ्या निरीक्षणांच्या मागे एकच कारण असू शकतं, हे वाक्य मी किती वर्गांना फळ्यावर लिहून दिलं असेल याचा हिशेब नाही. स्वतःसाठी मात्र मी दर लक्षणाला एक स्वतंत्र कारण नेमून दिलं होतं.

लग्नाचा व्हिडिओ आला आणि आम्ही दोघं टीव्हीवर तो लावून बसलो. मी स्टेजकडे चालत जातो तो भाग आला तशी बायको म्हणाली, "अहो, थांबवा जरा. मागे घ्या."

मी मागे घेतला.

"तुमचा उजवा हात बघा. चालताना मागे-पुढे होतोय. डावा बघा. तो नुसताच बरोबर आलाय."

"खांदा आखडलाय म्हणून सांगितलं ना."

"खांदा आखडला तर पाऊल का घासतंय?"

ती अंगणवाडीत होती. कुठलं मूल उशिरा चालतंय, कुठलं एकाच हाताने खेळणं धरतंय, हे बघण्यात तिची नोकरी गेली. मी म्हणालो, "मी काय अंगणवाडीतला आहे?" दुसऱ्या दिवशी ती मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी मला दवाखान्याच्या दारापर्यंत चालायला लावलं, मनगट हलवून पाहिलं आणि नवी मुंबईतल्या मेंदूविकारतज्ज्ञांचा पत्ता दिला.

तज्ज्ञ म्हणजे एक तरुण बाई होत्या. माझ्या शेवटच्या बॅचमधली मुलगी वाटावी इतक्या तरुण. मी आत गेलो तेव्हापासूनच त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवतायत. तपासणी तिथूनच सुरू झाली होती, हे मला नंतर कळलं.

त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर टेकवायला सांगितलं. उजव्या हाताचं झकास झालं. डाव्या हाताची बोटं सुरुवातीला नीट उघडली, मग प्रत्येक वेळी थोडी कमी, शेवटी नुसती चिकटल्यासारखी. मूठ उघडा-मिटा, तेच. मग त्यांनी माझं मनगट सैल सोडायला लावून गोल फिरवलं. ते सरळ फिरेना, दातेरी चाकासारखं अडखळत फिरत होतं. एक वाक्य लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'शिक्षण हे समाजाचे डोळे आहेत.' डोळ्यांपर्यंत येईस्तोवर अक्षर असं बारीक झालं की ते वाचायलाच डोळे हवेत. मग मला उभं करून त्या मागे गेल्या आणि आधी सांगून खांद्याला झटकन मागे ओढलं. मी एक पाऊल मागे टाकून सावरलो. तेवढ्या एका चाचणीत पास झालो.

"वास येतो का नीट?"

मी सर्दी म्हणणार, तेवढ्यात बायकोने सुकटीची गोष्ट सांगून टाकली.

"झोपेत बोलतात? हातपाय झाडतात?"

"बोलतात कसले, वर्ग घेतात," बायको म्हणाली. "परवा कुठल्या पोराला बाकावर उभं केलं आणि लाथ मला बसली."

ही लाथ मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "सर, मला पार्किन्सनची शंका आहे."

मी लगेच हात वर केला, खरोखरच, वर्गात करतात तसा. "पण माझा हात थरथरत नाही. पार्किन्सनमध्ये हात थरथरतो."

"थरथरलाच पाहिजे असं नाही. हालचाली मंद होणं आणि करता करता आणखी लहान होत जाणं, हे मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला स्नायूंचा ताठरपणा किंवा विश्रांतीत असताना होणारी थरथर, यातलं एक तरी लागतं. तुमचं मंदावणं आहे, ताठरपणा आहे. आता हात मांडीवर ठेवा, डोळे मिटा आणि शंभरातून सात-सात वजा करत या."

गणित! मी खूश झालो. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, असं न अडखळता खाली आलो. वाटलं, आता बाईंना कळेल कुणाशी गाठ आहे. डोळे उघडले तर दोघीही माझ्या डाव्या हाताकडे बघत होत्या. अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता, कुणी चिमटीत गोळी वळावी तसा. वजाबाक्या सगळ्या बरोबर होत्या. त्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मी पुरावा मागितला. रक्ताची तपासणी, फोटो, काहीतरी. त्या म्हणाल्या, "मेंदूत खोल आत काही पेशी डोपामाइन नावाचं रसायन बनवतात. त्या हळूहळू कमी होतात. पण हे दाखवणारी रक्ताची साधी तपासणी नाही. निदान बघून, विचारून आणि तपासूनच करावं लागतं. एमआरआय करू, तो दुसरं काही नाही ना हे बघायला."

एमआरआय नॉर्मल आला. मी तो रिपोर्ट गल्लीत तिघा-चौघांना दाखवला. "मेंदू नॉर्मल," असं म्हणत. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोरही विजयी मुद्रेने ठेवला. मुद्रा विजयी असल्याचं मला मीच सांगत होतो. त्या म्हणाल्या, "छान. म्हणजे दुसरं काही नाही." मला ते 'दुसरं' फार लागलं.

मग गोळ्या सुरू झाल्या. "गोळीला शरीर कसा प्रतिसाद देतं, तेही निदानाचाच भाग आहे," असं त्यांनी सांगितलं होतं. मी घरी येऊन विचार केला. गोळी लागू पडली तर पार्किन्सन. नाही पडली तर बाई चुकल्या. म्हणून मी रोज वेळेवर गोळी घ्यायचो आणि ती फुकट जावी अशी मनोमन आशा करायचो. एवढ्या निष्ठेने औषध घेऊन इतक्या मनापासून त्याच्या वाईटावर टपलेला रोगी त्यांनीही पाहिला नसेल.

काही आठवड्यांनी एका सकाळी मी शर्ट घालून, केस विंचरून बाहेर आलो. बायको बघतच राहिली. "बटणं तुम्ही लावलीत?"

ती बरेच महिने माझी बटणं लावून देत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी खाली बघितलं. सगळी बटणं आपापल्या काजात होती. मी तिथेच खुर्चीवर बसलो. बरं वाटत होतं, म्हणजे आजार खरा होता. तिने पाणी आणून दिलं आणि शेजारी बसली. मला रडू आलं आणि ते चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण ती म्हणाली, "बघा, चेहरा पण उघडतोय."

त्यानंतर पहिलं काम केलं ते मुरुडला जायचं. दिघीवरून फेरीबोटीने आम्ही दोघं आगरदांड्याला उतरलो. व्याही, म्हणजे पुतणीचे सासरे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दारातच 'जयभीम' घातला, पण खुर्ची देताना जरा बिचकलेच. मी बसून सगळं सांगितलं, मेंदू, रसायन, चेहऱ्याचे स्नायू, सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजे तुमी रागावलेलं नव्हतात?"

"अजिबात नाही. फार आनंदात होतो."

"आणि आमी इकडं दोन-तीन महिनं ईचार करतोय, कुटं चुकलं म्हणून!" त्यांनी डोक्याला हात लावला. "आता हसून दाखवा बरं."

मी सर्व शक्ती लावून हसलो. त्यांनी मान वाकडी करून नीट पाहिलं, सुनेला हाक मारली, तिनेही पाहिलं.

"न्हाय हो गुरुजी," ते म्हणाले, "अजून थोडा राग हाय."

पुतणी खो खो हसायला लागली, मग बायको, मग तेही. मीही हसत होतो. त्या दिवशी त्यांनी माझा शब्द खरा मानला. जेवायला तांदळाची भाकरी आणि कालवांचा रस्सा होता. परतीच्या फेरीबोटीत मी बायकोला विचारलं, "पुढे किती वाढेल गं हे?"

"डॉक्टर म्हणाल्या ना, प्रत्येकाचं वेगळं असतं," ती म्हणाली. "कठड्याला धरून उभे राहा आता, धक्का आला."