चढणीच्या माशांचा वाटा

आमच्यात बोलणं बंद झालं तरी वाटा बंद होत नाही. बांधाच्या भांडणावरून माझे वडील आणि काका कित्येक दिवस एकमेकांचं तोंड बघत नव्हते, तेव्हाही काकांच्या पिंजऱ्यात मासे लागले की पहिलं पातेलं आमच्याकडे यायचं. वडील गेले, आता ते माझ्याकडे येतं. वाटा परत पाठवला म्हणजे भावकी तोडली, इतका सरळ हिशेब.

जूनमध्ये उल्हास नदी फुगली की मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर शेतांकडे चढतात. काकांच्या गावातली जुनी शेतकरी घरं त्या वेळी ओढ्यात आपापल्या ठरलेल्या जागी बांबूचे पिंजरे लावतात. शिंगटी, वाम, मरळ, सगळ्यांची पोटं गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, टच्च. त्याची चव मला कुणी सांगायला नको. पण पोटुशी मासळीच दरसाल खाल्ली तर नदीत उरणार काय, हेही कळायला लागलं होतं.

मी राहतो नदीच्या अलीकडे, हेंद्रेपाड्यात, बिल्डिंगमध्ये. आमचा नदीप्रेमींचा ग्रुप आहे. रविवारी जलपर्णी काढायची, निर्माल्य उचलायचं. गेल्या वर्षी ठरलं की चढणीच्या दिवसांत पिंजरे थांबवायचे. गावाला कोण समजावणार म्हटल्यावर सगळे माझ्याकडे वळले. "तुम्ही तिथलेच ना!" गावात मी बिल्डिंगवाला, बिल्डिंगमध्ये गाववाला. इकडे आड, तिकडे विहीर.

गेलो. देवळात चारचौघांसमोर काकांनी माझी बिनपाण्यानं केली. "नदीन घान सोडतान कंपन्या, कचरा टाकतान तुमचे बिल्डिंगवाले, नि मासा खाल्ला तं आमी पापी?" ते खरंच होतं, मी तसं कबूलही केलं. तरी दोन-तीन घरं विचारात पडली. काका मात्र ताडकन उठून गेले.

यंदाच्या जूनमध्ये ग्रुपची मीटिंग माझ्याच हॉलमध्ये होती. आमचे अध्यक्ष निवृत्त साहेब. आवाज अजून निवृत्त झालेला नाही. पिंजऱ्यांची तक्रार करायची तर सुरुवात कुणापासून, असा विषय चालला होता आणि बेल वाजली. दारात काकी, हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. कालवणाचा वास तिच्या आधी आत आला.

काकी कुणाकडे न बघता मला ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेली. बायको तिथेच चहा गाळत होती. मी झाकण काढलं आणि बघतच राहिलो. मोठ्या माशाच्या, बाजारात कापलेल्या गोल तुकड्या. गाभोळीचा पत्ता नाही.

"बाजारातून आनलंय त्यांनी," काकी हळूच म्हणाली. "तुझे काकानी औंदा पिंजरा लावलाच नाय. पन वाटा कसा चुकवाचा?"

ज्या माणसानं जन्मात मासा विकत घेतला नाही, तो माझ्यासाठी बाजारात कोळणीपुढे उभा राहिला होता. मला भरून आलं. "काकी, हे गावात सांगू दे. काकांनी सोडलं म्हटल्यावर बाकीचेपण सोडतील."

"तुला माझी शप्पत हाय. बिल्डिंगवाल्यांपुढं वाकला, असा बोलतील त्यांना. मेल्याहून मेलं होल."

बाहेर आलो तर अध्यक्ष वाटच बघत होते. "एकच सांगा. हे मासे ओढ्यातले आहेत का?"

काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. खरं बोलावं तर काकांची मान खाली, आणि खोटं बोलावं तर माझी. बायको हातात चहाचा ट्रे घेऊन छताकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो.

"आणि तुम्ही ते खाणार?"

"आमच्यात वाटा परत पाठवत नाहीत."

चहा तसाच टाकून मंडळी उठली. संध्याकाळी अध्यक्षांचा अत्यंत सभ्य निरोप आला, की मी तूर्तास विश्रांती घ्यावी. मला अपमान वाटला, राग आला, आणि तो कुणावर काढावा हेही कळेना.

आमचा वॉचमन त्याच गावचा. पुतण्यानं सगळ्या ग्रुपसमोर काकाच्या माशांची बाजू घेतली, ही बातमी नदी ओलांडून कधी गेली ते कळलंही नाही. गेल्या वर्षी विचारात पडलेल्या घरांनीसुद्धा माळ्यावरचे पिंजरे खाली काढले आणि ओढ्यात लावले. रविवारी सकाळी बेल वाजली. ज्यांनी आम्हाला कधी वाटा दिला नव्हता अशा घरांतून पातेली आली होती. "तू आपलाच निंगालास," पातेलं देणारा हसत म्हणाला. झाकणं उघडली. शिंगट्या होत्या, गाभोळीनं फुटायला आलेल्या.

मी काकांना फोन लावला. "आता तरी खरं सांगू का?"

ते म्हणाले, "सांग. पन आता इस्वास कोन ठेवल?"

पातेली रिकामी करून परत द्यायची होती. बायकोनं भात टाकला आणि आम्ही जेवायला बसलो.