भाचीला कोण कामाला ठेवणार?

७ जानेवारी १९९१, सोमवार. धुळे एसटी स्थानक, सकाळ. हजर: मी, मालती आणि पिशव्या मोजून ताब्यात द्यायला आलेले आमचे हे. गैरहजर: माझी थोरली मुलगी शुभा, जिच्यामुळे हा प्रवास करावा लागला.

मालती ही शुभाची वसतिगृहातली मैत्रीण. राहणार मॉरिशस. तिचे पणजोबा कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यात कामाला गेले. ही इकडे येऊन शेतकीची पदवीधर झाली. निकालानंतर शुभाने तिला आमच्याकडे पाठवले. काम मिळाले तर तिला इथे राहायची मुदत वाढवून मिळणार होती. नाही मिळाले तर महिनाअखेर परत, आणि काकांच्या कापडदुकानात गल्ल्याशेजारची खुर्ची. ती खुर्ची तिला नको होती. आमच्या घरी राहून ती भाकरी थापायला शिकली, दोन स्वेटर एकावर एक घालायला शिकली आणि मला मावशी म्हणू लागली.

पारोळा, एरंडोल करत बस जळगावला निघाली. शेजारच्या बाईने तिला विचारले, "तुमनं गाव कोनतं शे?" (तुमचे गाव कोणते?) समुद्रापलीकडे, असे मालतीने सांगितले. "मंग मुंबईच शे," म्हणून बाईने विषय मिटवला आणि मूठभर शेंगा तिच्या ओंजळीत घातल्या.

जळगावात ठिबकच्या (थेंबाथेंबाने पाणी देणाऱ्या) नळ्या विकणारे एक दुकान आम्ही गाठले. मालकांनी चहा पाजला, पदवी पाहिली आणि त्यांचा माणूस मोटारसायकलवर खेडोपाडी फिरतो, मुलीला कसे पाठवायचे, असे विचारले. पहूरला एक रोपवाटिकावाले शिकलेले माणूस शोधताहेत, एवढी माहिती मात्र दिली. ती मी टिपून घेतली, पण आधी यावलकडे जायचे ठरले होते. तिथे माझे माहेर. चुलतभाऊ नानांनी केळीला नवे ठिबक बसवले होते आणि ते सांभाळायला कोणीतरी शिकलेले हवे, असे दिवाळीत तेच म्हणाले होते.

तापी ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी लागतात. वाऱ्याने चिरलेली पाने, मध्येच घड भरलेली बैलगाडी, आणि उन्हातही अंगाला लागणारा गारवा. मालती खिडकीला नाक लावून बसली होती. तिकडची केळी बुटकी असतात म्हणाली.

नानांच्या दारात मी म्हटले, "नाना, ही मालती. माझी मुलगीच समजा."

तिथेच चुकले. गावच्या लेकीची मुलगी म्हणजे साऱ्या गावाची भाची, आणि आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, मग ती केवढीही असो. साठीचे नाना धोतर सावरून वाकले. मालती दचकून मागे सरकली ती भिंतीला टेकली. मग शेजारपाजारचे मामाही ओळीने आले.

दुपारी मळ्यात पंगत बसली. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, सोबत हिरवी मिरची. ती मालतीने शेंग समजून पूर्ण चावली. डोळ्यांत पाणी आले तरी पानावरून उठली नाही, म्हणून मामा मंडळी खूश झाली.

जेवणानंतर मी कामाचा विषय काढला. नाना कावरेबावरे झाले.

"भाचीले पगार देऊ? तिले चिखलात उभी करू? गाव काय म्हनीन मले?"

ती त्यासाठीच शिकली आहे, हे मी दोनदा समजावले. ती हवी तर वर्षभर राहू दे, मळ्यात फिरू दे, पण काम नाही, यावर ते ठाम. बाजेवरून त्यांची आई, अक्का म्हणाली, "भाची नाई चालत, सून चालते. सून करून घे, मंग जलमभर राबीन. पगार बी नाई."

सगळे हसले, बायका जरा जास्तच. मालती हसली नाही. ती नानांसमोर येऊन बसली आणि सावकाश, जुळवून जुळवून म्हणाली, "नाना, मामा मला पुष्कळ मिळाले. मला एक मालक पाहिजे."

नाना उठून केळीकडे वळले. मग तिला अजून भरीत वाढा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहूरची बस धरली. नात्याचा उल्लेख करायचा नाही, असे मी तिला बजावले.

"मग मी तुमची कोण?" तिने विचारले.

"तिथलं बोलणं होईपर्यंत कोणी नाही."



रोपवाटिकावाल्या आबांनी आमच्या नमस्काराला जय भीम म्हटले आणि बसा न म्हणता थेट लिंबाच्या रोपांकडे नेले. पाने का पिवळी पडली, विचारले. मालतीने गुडघ्यावर बसून एक रोप उपटले, मुळे चोळून पाहिली आणि पाणी जास्त होते आहे म्हणाली. आबांनी आणखी बरेच विचारले. मग माझ्याकडे वळले.

"ही तुमची कोण?"

"कोणी नाही. मुलीच्या ओळखीची आहे."

"बरं झालं. नात्यातल्या माणसाला पहाटे कामावर ये म्हणता येत नाही." मग तिला म्हणाले, "उद्यापासून ये. मुदतीसाठी लागेल तो कागद देतो."

तिला दिलेली खोली खतांच्या गोदामाला लागून. खिडकी एक, नळ अंगणात, दाराला आतून कडी. काथ्याची उघडी बाज. मी सगळे बघून घेतले आणि निघाले. आबा उभे होते. मालती म्हणाली, "या हं, बाई." मावशी म्हणाली नाही. सांगितलेले तिने नीट पाळले.

धुळ्याला परतून आठवडा झाला. परक्या मुलीला घरची करायला आमच्याकडे वेळ लागत नाही. तिला कामाला लावायचे तर पुन्हा परकी करावी लागते, एवढे या प्रवासात कळले. तिच्या मुदतवाढीचे कागद कचेरीत पोचते केले, शुभाला कळवले. राहिली एक गोष्ट. थंडी वाढली आहे. कापूस पिंजून गादी भरून तयार आहे, पहूरकडे जाणारा ट्रकवालाही दोनदा विचारून गेला. आबांच्या दारात ती उतरवताना कोणी पाठवली म्हणून सांगायचे, ते अजून त्याला सांगितलेले नाही.