अक्षर तुझं, चाल माझी

मंडळी, आज वारज्यात मित्राकडे चहा घेताना एक भांडण ऐकलं.

मित्राच्या आई जुलेखाआपा त्यांच्या अम्मीकडून शिकलेल्या दख्खनी चालीत कुराण पढतात. नात सना ऑनलाइन अरबी उस्तादांकडे शिकते.

आज आपांना पढताना मध्येच थांबवून ती म्हणाली, "दादी, हे अक्षर 'ज़'सारखं नाही, 'द'सारखं म्हणायचं."

"म्हणजे माझी अम्मी जन्मभर चुकली? मग तूच पढ." आपांनी कुराण तिच्यापुढे ठेवलं.

सना पढू लागली. उच्चार चोख, पण ती मध्येच थांबली. "दादी, शेवटाला तुझा आवाज झुलतो, तसा माझा झुलत नाही गं."

आपा हसल्या. "अक्षर तुझं, चाल माझी. बस इथं."

'पानी' ऐकताच टोकणाऱ्या पुणेकरांनो, उच्चार जरूर सुधारा. पण तुम्ही टोकल्यावर तो माणूस पुन्हा बोलतो का?