टेप घेऊन लोकांच्या न्हाणीत

आमच्या कामात किस्से शोधायला जावं लागत नाही. टेप घेऊन दुसऱ्याच्या न्हाणीत शिरलं की ते आपोआप सापडतात!

काम म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. हे नाव माझ्या लग्नापासून आजपर्यंत सासूबाईंच्या तोंडात बसलेलं नाही. शेजारीण विचारते, "सून काय करते वं?" तर त्या सरळ सांगतात, "लोकायचे संडास पाहाले जाते." आता यात खोटं तरी काय आहे?

लकवा मारलेला, खुबा मोडलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो, तेव्हा त्याचंच घर त्याला परकं होऊन बसतं. पायरी उंच वाटते, न्हाणीत पाय घसरतो. अशा वेळी आम्ही जातो, घर बघतो. दार रुंद करा, इथं धरायला दांडा लावा, तिथं उंबरठ्याला उतार द्या, असं सांगतो आणि करूनही देतो. जाणाऱ्या आम्ही दोघी. मी आणि आमच्या सिनियर सुलभाताई. ताई शांत, मी तापट. लोक चिडले की ताई बोलतात. मी चिडले की ताई मला गाडीतून पाण्याची बाटली आणायला पाठवतात. भंडारा जिल्ह्यात माझ्याइतकं पाणी कोणी वाहिलं नसेल!

*

लाखनीला हायवेला लागून एक घर. आजोबांचा वॉकर खोलीच्या दारातून जात नव्हता. मी चौकट मोजत होते, ताई बाहेर पायरीपाशी खडूनं खुणा करत होत्या. बघता बघता माणसं जमली.

"रोड अजून मोठा होऊन राहिला का मॅडम?"

"नाही हो."

"मंग निशाण काहून मारून राहिले? मागच्या खेपेले बी असंच निशाण मारलं, अन् माझी टपरी गेली!"

शेजारी हळूच ताईंच्या कानाशी लागला, "मॅडम, समोरच्या बाजूनं घ्या ना जास्त. त्यायच्याकडे जागा लय हाये." समोरच्यानं ते ऐकलं. झालं! दोघं एकमेकांच्या बापजाद्यांपर्यंत पोचले. शेवटी मी ओरडले, "अहो, हे आजोबांच्या वॉकरसाठी आहे! रस्त्यासाठी नाही!"

 टपरीवाला डोकं खाजवत म्हणाला, "तं मंग आमच्याकडे बी या ना. आमची माय रोज उंबरठ्यात अडकते."

एका घरासाठी गेलेल्या आम्ही त्या दिवशी गल्लीभरच्या न्हाण्या बघत फिरलो. ते दोघं भांडखोर टेपचं एकेक टोक धरून आमच्या पुढे चालत होते.

*

जवाहरनगरजवळ एक रिटायर्ड काका राहतात. अख्खी नोकरी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत गेली, सेफ्टी अंगात मुरलेली. मनगट मोडलं म्हणून आम्हाला बोलावलं होतं. गेटवरच अडवलं.

"काडीपेटी वगैरे असेल तर इथंच ठेवा."

"काका, आम्ही तुमचं घर बघायला..."

"नियम म्हणजे नियम!"

ताईंनी गुमान पर्स उघडून दाखवली. आत गेलो तर काय! प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा. एकही वायर लोंबत नव्हती. न्हाणीत खुंटीला शिट्टी टांगलेली. पडलो तर वाजवायची, आणि काकूंनी धावत यायचं. त्याची ड्रिलसुद्धा होते म्हणे! काकू म्हणाल्या, "माझी भाजी करपते, पण यायची ड्रिल नाही चुकत!"

मला सांगायला काही शिल्लकच नव्हतं. म्हणून विचारलं, "मग काका, मनगट कसं मोडलं?"

काका छताकडं बघायला लागले. उत्तर काकूंनी दिलं, "प्लास्टिकच्या स्टुलावर चढले होते. पिवळा पट्टा माराले!"

मी पदराआड हसले. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, असं घर मी जिल्ह्यात पाहिलं नाही. हे स्टूल तेवढं काढा." काका तसेच उठले आणि चांगल्या हातानं स्टूल गेटबाहेर ठेवून आले. मानलं मी त्यांना.

*

पवनीकडच्या एका खेड्यात पायऱ्यांना लोखंडी रेलिंग बसवून दिलं. काही दिवसांनी बघायला गेलो तर रेलिंगला बकरी बांधलेली! माझं डोकंच फिरलं.

"हे कोणासाठी लावलं होतं?"

"बुढ्यासाठी," सून म्हणाली.

"मग बकरी कायले?"

"बुढाच म्हणे, मले या दांड्याचा भरोसा नाही. आधी बकरी बांधून पाहा. ती ओढून ओढून थकली, तं मी धरीन!"

मी बाटली आणायला स्वतःहूनच निघाले होते. ताईंनी मात्र बकरीकडं नीट बघितलं आणि विचारलं, "मंग? थकली का?"

"थकली ना! कालपासून बुढा दांडा धरून खाली-वर करून राहिला. बकरी नुसती पाहाते."

*

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. घरोघरी इतके पाहुणे, की पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका गावी आजींना आम्ही कमोड खुर्ची दिली होती. मधे भोक, खाली भांडं ठेवायची सोय, दोन्ही बाजूंना टेकायला दांडे. नेमक्या मंडईच्या दिवशी आम्ही बघायला गेलो. खुर्ची बैठकीत! वर फुलाफुलांची चादर, आणि चादरीवर खुद्द व्याही, हातात पोह्यांची प्लेट.

आजींनी मला कोपऱ्यात ओढलं. "घरात तेवढी एकच खुर्ची नवी हाये माय! व्याह्याले का मोडक्या खुर्चीवर बसवू?"

तिकडे व्याही ताईंना सांगत होते, "बाई, अशी आरामाची खुर्ची म्या जिंदगीत नाही पाह्यली! गुडघे धरले हायेत माझे, पण हिच्यावरून उठाले काही तरासच नाही. कुठं भेटते ही?"

मी तोंड उघडलं. आजींनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट्यानं पोहे खाल्ले!

*

आमच्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकात आयुष्यभर राजा झालेले एक काका. आता उठताना चक्कर येते. ताईंनी समजावलं, "एकदम उठायचं नाही. आधी बसायचं, दम घ्यायचा, इकडं-तिकडं बघायचं, मग उठायचं."

काका म्हणाले, "बाई, राजा असाच उठते. घाईनं उठते तो शिपाई!"

तेव्हापासून ताई सगळ्याच पेशंटना सांगतात, राजासारखं उठा. आणि लोक उठतात हो! परवा एक आज्जी अशा रुबाबात उठल्या, की मीच बाजूला सरकले.

*

आता कोंढा गावचा किस्सा.

कौसल्याबाई. नवरा नाही, एकुलता एक मुलगा प्रशांत पुण्याला कंपनीत. उजव्या अंगाला लकवा मारला, त्यातून बाई हिमतीनं उठल्या. काठी धरून चालायला लागल्या. न्हाणीत दांडा लावून झाला, मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, जायच्या पायऱ्या बुटक्या करून झाल्या. सगळ्यात त्या पास. पण प्रशांतचा जीव काही थाऱ्यावर येईना. पोरगा वाईट नव्हता हो, मुळीच नव्हता! आईचा फोन एकदा उचलला गेला नाही, तर ऑफिसातून हा दर दोन मिनिटांनी फोन लावत बसायचा. त्यानं तिच्यासाठी फ्लॅटमध्ये एक खोलीसुद्धा तयार करून ठेवली होती.

कौसल्याबाईंचं एकच म्हणणं, "मले पुण्याले नाही जायचं. तिथं दिवसभर दार लावून बसा लागते. मी तिथं लकव्यानं नाही मरणार, चूप बसून मरीन."

शेवटी मायलेकांत ठरलं, की सुलभाताई म्हणतील ते. आणि प्रशांत म्हणाला, "मॅडम, माझ्यासमोर तिनं एकटीनं चहा करून दाखवावा. कोणाची मदत नाही. जमलं तं राहू दे. नाही जमलं तं मी घेऊन जातो."

चहा करायला लावणं ही आमची नेहमीचीच परीक्षा आहे. पाणी, आग, उकळतं भांडं, सगळं त्यात येतं. ताई "बरं" म्हणाल्या.

कौसल्याबाई स्वयंपाकघरात शिरल्या. लुगड्याचा पदर खोचला. साखरेचा डबा खाली बसून गुडघ्यांत दाबला आणि डाव्या हातानं झाकण फिरवलं. दुधाची पिशवी दातानं फोडली. थेंब सांडला नाही! पातेलं भरून नेलं तर उचलवत नाही, म्हणून रिकामं शेगडीवर ठेवलं आणि पेल्यापेल्यानं पाणी ओतलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. प्रशांत दारात उभा होता. 

मग त्यांनी गॅस फिरवला, लाइटर उचलला, आणि तिथं गाडी अडली. लाइटर कडक. डाव्या अंगठ्यात तेवढा जोर नाही. एकदा दाबला, दोनदा दाबला. गॅस नुसता सुसू करतोय. वास सुटला. मी पुढे झाले, तेवढ्यात शेगडीमागच्या खिडकीतून एक बांगड्यांनी भरलेला हात आत आला. हातात लाइटर. टक्! गॅस पेटला. हात गेला परत.

"शेवंताकाकू!" प्रशांत ओरडला. "मदत नाही कराची म्हटलं होतं!"

भिंतीला भिंत लागलेल्या शेजारच्या घरातून आवाज आला, "म्या का केलं? मी तं माझ्याच घरात उभी हावो!"

मला हसू आवरेना. प्रशांतला मात्र हसू आलं नाही. त्यानं पुढे होऊन गॅस बंद केला. "झालं मॅडम. नाही जमलं. मी तिकीट काढतो."

कौसल्याबाईंनी लाइटर ओट्यावर ठेवला.  पदराचं टोक तेवढं डोळ्याला लावलं.  आपोआप पेटणाऱ्या शेगड्या मिळतात, असं मी म्हणणार होते. ताईंनी हातानंच मला थांबवलं.

त्या खिडकीपाशी गेल्या आणि वाकून पलीकडं बघितलं. "शेवंताबाई, हे रोजचंच हाये का?"

"हाव ना. सकाळी तिचा गॅस मी पेटवतो. दुपारी माझी भाजी तिकडं, तिचं वरण इकडं. ती खोकलली तं मले आयकू येते."

"अन् एखाद दिवशी आवाजच नाही आला तर?"

"तं मी कायले वाट पाहीन? किल्ली हाये ना माझ्यापाशी! मागं न्हाणीत जरा उशीर लागला, तं मी कणकेच्याच हातानं धावत आलो. मलेच शिव्या दिल्या इनं!"

"आंघोळ तं करू द्याची होती!" कौसल्याबाई नाक ओढत म्हणाल्या.

ताईंनी टेप काढला. खिडकी मोजली, खिडकीपासून शेगडीपर्यंतचं अंतर मोजलं. सावकाश टेप गुंडाळला आणि मग प्रशांतकडं वळून विचारलं,

"बेटा, तुझ्या पुण्याच्या किचनले अशी खिडकी हाये का?"

प्रशांतनं खिडकीकडं बघितलं.  मग आईच्या बाजूला जाऊन त्यानं गॅसचं बटण फिरवलं आणि म्हणाला,

"काकू, पेटवा."