मास्तरांची चिंच

निपाणीच्या हवेतनं तंबाखू आणि माझ्या डोक्यातनं आमच्या काव्यमंडळाचे किस्से, दोन्ही काही जात नाहीत. एक सांगायला घेतला की दुसरा पुढं येऊन बसतो!

गोऱ्या साहेबाचं राज्य होतं तेव्हा. मंडळ म्हणजे दत्तू मास्तर, वसंता आणि मी. मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. तिकडचे कवी रानात बसून लिहितात, म्हणून दर रविवारी आम्हीही पायगोंडा आप्पांच्या शेतातल्या चिंचेखाली बसायचो.

एकदा मास्तरांनी डोळे मिटून सुरू केलं, "हे सुगंधित वायो, ये..."

वायू आला तो आप्पांच्या खळ्यावरनं, तंबाखूची पूड घेऊन! सगळं मंडळ शिंकत बसलं. पुढची ओळ आजतागायत कुणी ऐकलेली नाही.

* * *

वसंताच्या प्रत्येक कवितेत नाइटिंगेल!

मी विचारलं, "हा पक्षी निपाणीत कधी बघितलास का रं?"

"न्हाय. त्यो इंग्लंडात असतोय."

"मग इथं कसा गातोय?"

"मासिकात छापून यायचं तर गायलाच पायजे की!"

मास्तर खवळले. "डोक्यावर होला घुमतोय, त्याला घाल की कवितेत!"

वसंतानं होला घातला. मासिकानं कविता परत पाठवली.

* * *

मास्तर चिंचेवर लई लिहायचे, तेही "प्रिये" म्हणून. एकदा घरी मोठ्यानं म्हणत होते, "प्रिये, तुझ्या कुशीत माझे रविवार सरले..."

आतनं आक्का, म्हणजे त्यांची बायको, लाटणं घेऊनच बाहेर आली. "कोन हाय ती?"

"अगं, झाड हाय!"

"झाडाला कोन प्रिये म्हनतंय?"

शेवटी तिला शेतात नेऊन चिंच दाखवावी लागली. आक्कानं तिला खालीवर न्याहाळलं, "माझ्यापरीस थोराड दिसतीया," म्हणाली आणि ओटीभर चिंचा घेऊन घरी गेली.

* * *

पुढं आप्पांनी चिंच तोडायचं ठरवलं. "सावलीत तंबाखू पोसत न्हाय, मास्तर."

कुऱ्हाडवाले आले त्या सकाळी मास्तरांनी बुंध्याला टेकून एकेक कविता म्हटली. म्हणता म्हणता रडायलाच लागले बिचारे. आम्हालाही राहवेना.

आप्पा म्हणाले, "वा! लई ग्वाड!" आणि गड्यांना खूण केली.

तेवढ्यात आक्का बांधावरनं तरातरा आली. वसंता तिला सांगायला पळाला होता. ती सरळ कुऱ्हाडीपुढं उभी राहिली.

"आप्पा, सवत माझी हाय! हिला तोडायची तर मी तोडीन. तुमी कोन?"

गडी आप्पांकडं बघायला लागले. आप्पा मास्तरांकडं. मास्तर चिंचेकडं.

आप्पांनी कपाळाचा घाम पुसला. "अय्यो, घरच्या भांडणात आपन न्हाय पडत बाबा. चला रं!"